प्रल्हाद, तुझी नसलेली चूक

प्रल्हाद, सरणावर तुला आम्ही आधी उलटा ठेवला. ती करामत माझी होती, म्हणून तेच पहिल्यांदा सांगतो. तू असतास तर तिथल्या तिथं माझी बिनपाण्याची केली असतीस.

किन्हीराजाच्या स्मशानात आता पत्र्याची शेड झाली आहे. तिच्याखाली लाकडं रचायला लोखंडी चौकट. चौघांनी तुला बरोबर ठेवलं होतं, पाय दक्षिणेला. पण माझ्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक. उभा जन्म बोटींची होकायंत्रं तपासण्यात गेलेला माणूस, त्याची शेवटची दिशा आपण तपासून घ्यावी, असं वाटलं. मी खिशातून मोबाइल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि सांगितलं, डोकं चुकीच्या बाजूला आहे, फिरवा. मी पडलो गावचा जावई. जावयाचं बोलणं स्मशानातही कोणी तोंडावर मोडत नाही. त्यांनी तुला उचललं आणि फिरवलं. तेवढ्यात तुझे चुलते, शेषराव काका, काठी टेकत पुढं आले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "सूर्य त्या लिंबाकडून निंघते. जलमभर पाहून राह्यलो. मोबाइलमधून नाई निंघत तो."

तुला परत उचललं, परत फिरवलं. म्हणजे एक पूर्ण फेरा झाला, जसा तू बोटींना मारायचास. नंतर घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की डोक्यावर पत्रा होता, पुढ्यात लोखंडाची चौकट होती आणि माझ्या मोबाइलच्या कव्हराला चुंबकाचं बटण आहे. एवढ्या लोखंडात उभं राहून छातीठोक दिशा सांगणारा मूर्ख तू तुझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नसशील. किंवा एकच पाहिला असशील, आणि तोही मीच. ते पुढं येईल.

तुझं काम इकडं कोणाला कधी समजलं नाही. वाशीम जिल्ह्यात बोट म्हणजे धरणावर जाळी टाकणाऱ्यांची होडी, तिला कसलं आलंय होकायंत्र. गावातले लोक तुला बोटीचा घड्याळजी म्हणायचे आणि तू ते चालवून घ्यायचास. मला मात्र तू नीट समजावलं होतंस. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, पण बोट स्वतःच लोखंडाची. इंजिन, साखळ्या, पिंपं, जो तो सुईला आपल्याकडं ओढतो, आणि बोटीचं तोंड फिरलं की ओढही बदलते. मग तू बोट मोकळ्या पाण्यात न्यायचास, तिला हळूहळू आठही दिशांना तोंड करायला लावायचास, किनाऱ्यावरच्या ठरावीक खुणेशी सुई ताडून पाहायचास आणि होकायंत्राच्या खाली चुंबकाच्या बारीक कांड्या सरकवून तिला जागेवर आणायचास. एवढं करूनही थोडी चूक उरतेच. ती तू कार्डावर लिहून तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, डोळ्यासमोर टांगायचास, म्हणजे त्यानं तेवढी धरून चालावं. उरलेली चूक लपवायची नाही, हा तुझा धर्म.

तेरवीला जेवायला आलेल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती आणि कोणी ती काढली नाही. तुझी एकुलती एक बहीण, म्हणजे माझी बायको निर्मला, माय गेल्यापासून तुझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तुम्हा दोघांना बोलतं करायचं एवढं एकच काम माझ्याकडं आलं होतं. मी, ज्याला घरातल्या कुठल्याही लग्नात माइक दिला तर पंगत बसेपर्यंत सोडत नाही, तो मी. मला ते जमलं नाही. आता जमणारही नाही, आणि याचा राग कोणावर काढावा ते कळत नाही म्हणून तुझ्यावर काढतो आहे. तू उलटून बोलणार नाहीस, हा त्यातला फायदा.

खरं तर तुझे उपकारच आहेत. मंगरूळपीरला आमच्या घरी राहून तू शाळा शिकलास, माझ्या ताटातलं खाल्लंस, माझी गणितं सोडवलीस. पुढं तूच माझं स्थळ घेऊन स्वतःच्या घरी गेलास. मायला म्हणालास, "पोरगा बडबड्या हाये, पण खोटा नाई." एवढ्या एका वाक्यावर तिनं पोरगी दिली. जातिवंत लोखंड-हार्डवेअरचा दुकानदार, त्याला याहून चांगलं प्रमाणपत्र कोणी देत नाही. तू दर्याकडं गेलास आणि मी खिळे विकत बसलो. मी म्हणायचो, मी लोखंड जमवतो आणि तू त्याच्यापासून पळतोस, आपलं जमतं कसं? तू म्हणायचास, लांब आहोत म्हणून जमतं.

माय गेली त्या दिवसाबद्दल तुला काही नवीन सांगायचं नाही. तरी लिहितो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. ती महिनाभर अंथरुणाला खिळून होती. निर्मला तिच्यापाशी किन्हीराजाला जाऊन राहिली होती, मी इकडं दुकानात. त्या दिवशी सकाळपासून तिनं तुला फोनावर फोन लावले. तू उचलला नाहीस. मला निरोप मिळाला, मी मिळेल त्या जीपनं पोहोचलो, तोवर माय गेलेली होती. दुपार कलल्यावर तुझा फोन आला तो निर्मलानं माझ्या हातात दिला. मी म्हणालो, माय गेली. वाऱ्याच्या आवाजात तू म्हणालास, "फोन डब्यात होता."

तू पोहोचलास तेव्हा आम्ही राख सावडून परत येत होतो. निर्मला दारात उभी होती. तू पायरीवर थांबलास आणि तिलाही हेच म्हणालास, फोन डब्यात होता. ती आत निघून गेली. त्यानंतर तू आमच्या दारात कितीदा उभा राहिलास, पण ती तुझ्यासमोर कधी आलीच नाही.

तिचं म्हणणं मी तुझ्यापर्यंत पोहोचवलं, तुझं तिच्यापर्यंत. पोस्टमननंही एवढी पायपीट केली नसती. तिचं म्हणणं असं की माय बिमार आहे हे माहीत असताना त्या दिवशी तरी फोन जवळ ठेवायचा होता. तुझं म्हणणं की होकायंत्रापाशी फोन ठेवून काम करणं म्हणजे काम न करणं, फोनमध्येही चुंबक असतं. ती म्हणायची, हा बहाणा आहे. शेवटी एका दिवाळीनंतर ती मला म्हणाली, तुमीच जाऊन पाहून या, खरंच दूर ठेवते का.

अशा रीतीनं मंगरूळपीरचा एक जाडजूड दुकानदार साळ्याच्या चौकशीसाठी दर्यावर गेला. तुला मी सांगितलं की सहज आलो. तू ओळखलंस आणि मला कामावर सोबत घेतलंस. त्या मच्छीमार बोटीवर चढलो आणि बंदर नजरेआड होण्याआधी सकाळचा नाश्ता समुद्राला वाहून झाला. तांडेल हसला. त्यानं मला कोरा चहा दिला, तोही समुद्रानं घेतला.

काम सुरू करण्याआधी तू एक रिकामा पत्र्याचा डबा फिरवलास. सगळ्यांनी त्यात किल्ल्या, चाकू, घड्याळं टाकली. माझा पट्टा बकलासकट काढून घेतलास, म्हणून दिवसभर मी एका हातानं विजार धरून उभा होतो. सर्वांत शेवटी तू तुझा फोन टाकलास आणि डबा बोटीच्या पार मागच्या टोकाला, इंजिनाच्या पलीकडं ठेवून आलास. इंजिनाचा आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या कानांनी ऐकलं. चौकशी तिथंच संपली होती. मी गप्प एका कोपऱ्यात बसायचं होतं.

पण मला पाहायचं होतं ना. तू सुईवर वाकलास की मी तुझ्या खांद्यावरून वाकायचो. तू खूण ताडून आकडा लिहायचास, मी मागं सरायचो, तू परत पाहायचास आणि आकडा बदललेला असायचा. तू कांडी सरकवलीस, काढलीस, परत सरकवलीस. तांडेलाला म्हणालास, परत फिरव. बोट परत फिरली. आणखी एकदा फिरली. तांडेल माझ्याकडं पाहायला लागला, कारण अपशकुनी माणूस बोटीवर लगेच ओळखू येतो. शेवटी तू ताठ उभा राहिलास आणि मला म्हणालास, जवळ ये. मी आलो. सुई वळली. दूर जा म्हणालास. सुई परत गेली.

माझ्या बंडीच्या आतल्या खिशात चुंबक होतं. आम्हा दुकानदारांना सवय असते, स्टील म्हणून कोणी लोखंड गळ्यात मारू नये म्हणून चुंबक लावून पाहतो. ते इतकं अंगवळणी पडलेलं की डब्यात टाकायचं ध्यानातच आलं नाही.

"तू असल्यावर जगाची उत्तर दिशा तूच रे बापा," तू म्हणालास. आणि कितीतरी वर्षांनी मी तुला पोटभर हसताना पाहिलं. मग तू सगळं काम पहिल्यापासून केलंस, चेहऱ्यावर आठी न आणता. त्या हसण्यासाठी मी पुन्हा चार वेळा ओकायला तयार होतो.

परतताना तू मला त्यातली एक गंमत सांगितलीस. उत्तरेला तोंड असताना दिसलेली चूक सगळी काढायची, पण बोट उलटी फिरवून दक्षिणेला तोंड केलं की तिथं जी दिसेल तिच्यातली निम्मीच काढायची. सगळी काढायला गेलं की पहिल्या बाजूचं बिघडतं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं राहू द्यायचं. मला हे फार आवडलं. मला वाटलं, मी तुम्हा दोघांसाठीची किल्ली घेऊनच घरी चाललो.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो असताना मी विषय काढला. म्हणालो, तुझं खरं आहे हे मी पाहिलं, घरी जाऊन तसंच सांगतो. पण तू एकदा तिला फोन कर आणि म्हण, बाई, चुकलं माहं.

"काय चुकलं?" तू विचारलंस.

"काहीबी. म्हणाले काय जाते?"

"जे चुकलं नाई ते चुकलं म्हणू? मी कार्डावर उरलेली चूक लिहितो. नसलेली लिहीत नाई. तशी लिहिली तं बोट खडकावर जाते."

"प्रल्हाद, ते बोट नाई, बहीण हाये."

मग मी माझी किल्ली काढली. म्हणालो, निम्मी तू घे, निम्मी तिला घ्यायला लावतो, तूच आत्ता शिकवलंस. तू मान हलवलीस.

"निम्मी काढाले आधी मोजा लागते. तिनं कधी मोजू देल्ली काय?"

मी गाडी पकडायला उठलो. त्या रात्रीच्या गाडीत मला सुचलेली उत्तरं मी नंतर वर्षानुवर्षं दुकानात तारेच्या भेंडोळ्यांना ऐकवली. तुला ऐकवली नाहीत. त्यातलं एक आता ऐक. तू बरोबर होतास, प्रल्हाद. त्या दिवशी फोन डब्यात होता, तो तिथंच असायला हवा होता आणि ती बोट त्या संध्याकाळी तुझ्या भरवशावर खोल पाण्यात गेली. हे सगळं मान्य. पण बरोबर असणं म्हणजे काही बहिणीच्या दारात उभं राहायची जागा नव्हे. तू आयुष्यभर त्याच एका जागेवर उभा राहिलास आणि वाट पाहिलीस की दार सरकत तिथं येईल.

मी घरी येऊन निर्मलाला सांगितलं की डबा खरा आहे. ती म्हणाली, "असन." आणि गवार मोडत राहिली.

नोकरी संपवून तू किन्हीराजाला राहायला आलास तेव्हा मला वाटलं, आता तासाभराच्या अंतरावर आहेस, आता होईल. उलट जवळ आल्यानं ते अंतर रोज दिसायला लागलं. निर्मला तुझ्या शेतातली तूर माझ्या हातून आलेली निवडायची, डाळ करायची, डाळ माझ्याच हातून तुझ्याकडं जायची. तोंडातून शब्द नाही. आणि भाऊबीज! जिचा भाऊ दूर असतो ती बाई चंद्राला ओवाळते. तू समुद्रावर असताना ती ओवाळायची, ते समजण्यासारखं होतं. पण तू इकडं आल्यावरही दर भाऊबीजेला आमच्याकडं यायचास, खाली दुकानात स्टुलावर बसायचास, आणि ती वर गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची.

मागच्या भाऊबीजेचं मला विसरता येत नाही. तू आलास, बसलास. गिऱ्हाईक होतं, मी साखळी मोजून देत होतो. तू बाहेर रस्त्यावर जाऊन आभाळ पाहिलंस आणि आत येऊन म्हणालास, "दुसरीची कोर हाये, मावळाले येऊन राह्यली. टाकी आड येईन, गच्चीच्या त्या कोपऱ्यातून दिसन. सांग तिले, नाई तं राहून जाईन."

तुझ्या जागी ज्याला ओवाळायचं तो चंद्र तिला वेळेवर सापडावा म्हणून तू निरोप देत होतास. मी जिन्यातून हाक मारून सांगितलं. वर पावलं वाजली, टाकीला वळसा घालून गेली. मग बांगड्यांचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर तू खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवला होतास आणि स्टुलावर ताठ बसला होतास, समोर पाटापुढं कोणी ताट घेऊन उभं असल्यासारखा. गिऱ्हाईक पाहत होतं, त्याचीही तुला लाज वाटली नाही. वरचा आवाज थांबल्यावर तू रुमाल काढलास, घडी केलीस आणि म्हणालास, चहा सांग.

खरं सांगू, तेव्हा मला डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. मला तुम्हा दोघांच्या एकेक मुस्कटात द्यावीशी वाटली. मध्ये एक जिना होता, प्रल्हाद. फक्त एक जिना.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा ती पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला, कणीक झाकून ठेवली आणि म्हणाली, चला. तुझ्या घरी तुझ्या उशाशी बसली, तुझ्या कपाळावर आलेले केस मागं सारले, आणि बाया रडत होत्या तिथं ती रडली नाही. मला वाटलं, आता बोलेल, निदान तुला जाब विचारेल. तुला नेताना ती दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

तेरवीला लोक तुझे गुण गात होते. एकजण म्हणाला, लई सरळ माणूस. दुसरा म्हणाला, कधी कोणाला फसवलं नाही. मी पंगतीत बुंदी वाढत होतो. म्हणावंसं वाटलं की सरळ माणसाच्या घरात येऊन राहून पाहा एकदा. एक छोटं खोटं, पाच अक्षरांचं, तुझ्या बहिणीसाठी तुझ्याजवळ नव्हतं. पण जावयानं तेरवीत तमाशा करू नये म्हणून बुंदीच जास्त वाढली.

तेव्हापासून माझं हेच चाललं आहे. कधी तुझा राग येतो, कधी तिचा. मग तुझं ते बोटीवरचं हसणं आठवतं आणि रागाचं पाणी होतं. मग पुन्हा राग येतो, की एवढं हसता येत होतं तर मग. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं, आणि अर्ध्या भांडणात माणूस निघून जातो ही काही रीत नाही.

तेरवी आटोपून आम्ही मंगरूळपीरला परत आलो. निर्मला मागच्या अंगणात मोठी गंजं, तेरवीला नेलेली पातेली, घासायला बसली. मी पाणी ओतून देत होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, तो एकदा चुकलं म्हणाला असता तर तू बोलली असतीस ना? तिचे हात थांबले.

"माफी कोणाले पाह्यजे होती?" ती म्हणाली. "तुमी दोघं इतकी वर्षं माफीचंच घेऊन बसले. फोन कुठं होता हे तो सांगे, अन् तुमी येऊन तेच सांगा. माय कशी गेली हे त्यानं मले एकदा इचाराले पाह्यजे होतं. मी फोन लावून तिच्या कानाशी धरला होता. तो उचलत नाई म्हणून मी रडून राह्यली होती, अन् माय म्हणे, वाजून राह्यला ना बाई, मंग हाये तो. तेच ऐकत ऐकत गेली. रागानं नाई गेली. एवढंच सांगाचं होतं मले त्याले, पण कोणी न इचारता कशी सांगू? त्यानं इचारलं नाई. अन् तुमीबी नाई."